मज्जातंतूंतील नळी आणि मेद : काही संज्ञांचा इतिहास

मराठीत ज्यास आपण मज्जातंतू म्हणतो त्या शब्दाचे पूर्वपद 'मज्जा' हे आहे, ह्याकडे बोलताना किंवा लिहिताना कोणाचे लक्ष जात नाही. मज्जा म्हणजे अस्थीच्या पोकळीतील स्निग्ध द्रव्य. आयुर्वेदाच्या सप्तधातूंच्या गणनेत ती अस्थीनंतर सहावी येते. हाडातील ह्या द्रव्याचा संवेदना वाहून नेणाऱ्या तंतूशी काय संबंध, असे एखाद्या चौकस विद्यार्थ्याने विचारले, तर 'पूर्वीपासून तसे म्हणतात' ह्यापलीकडे उत्तर सहसा मिळत नाही. वस्तुतः हा गोंधळ एकट्या मराठीचा नव्हे. ग्रीक 'म्युएलॉस' ह्या शब्दाने हाडातील मज्जा आणि कण्यातील रज्जू ह्या दोहोंचाही बोध होत असे. जर्मन भाषेतील 'मार्क' हा शब्दही असाच दोहोंकडे चालतो. वैद्यकात आजही 'मायलोमा' हा मज्जेचा रोग आणि 'पोलिओमायलायटिस' हा कण्यातील रज्जूचा, अशी एकाच शब्दाची दोन घरे नांदत आहेत. हाडाच्या पोकळीत जे मऊ, पांढरट व ओशट सापडेल ते मज्जा, असा साध्या डोळ्यांचा न्याय ह्यामागे आहे.

दुसऱ्या एका शब्दाची कथा ह्याहून मौजेची आहे. संस्कृत 'स्नावन्' व 'स्नायु', अवेस्तातील 'स्नावर' आणि ग्रीक 'न्यूरॉन' हे एकाच मूळ कुळातले शब्द होत. होमरच्या काव्यात न्यूरॉन म्हणजे धनुष्याची प्रत्यंचा किंवा सांध्याजवळची चिवट दोरी. शवविच्छेदन करणाऱ्या ग्रीक वैद्यांना शरीरात पांढऱ्या दोऱ्या आढळल्या. त्यांतल्या काही हालचाल ओढून घडवितात व काही ती हुकूम देऊन घडवितात हा भेद कळावयास बराच काळ गेला, आणि तो कळल्यावर जुना शब्द हुकूम देणाऱ्या दोऱ्यांच्या पदरी पडला. इकडे भारतीय भाषांत हीच वाटणी पुन्हा एकदा, निराळ्या रीतीने झाली. बंगालीत 'स्नायु' म्हणजे संवेदनवाहक तंतू, तर मराठीत 'स्नायू' म्हणजे आकुंचन पावणारे मांस. एका बंगाली व एका मराठी विद्यार्थ्याने 'स्नायूंचा रोग' ह्या विषयावर चर्चा सुरू केली, तर दोघेही शुद्ध भाषेत बोलत असून निरनिराळ्या रोगांविषयी बोलत राहतील.

ही शब्दचर्चा आरंभी करण्याचे कारण असे. चेतापेशीच्या आधुनिक अभ्यासात दोन विषय दीर्घकाळ स्वतंत्रपणे वाढले. एक, पेशीच्या आतील सूक्ष्मनलिकांचा. दुसरा, तिच्यातील व तिच्याभोवतीच्या मेदद्रव्यांचा. गेल्या सुमारे पंचवीस वर्षांत हे दोन विषय एकमेकांस येऊन मिळत आहेत. ते इतका काळ दूर का राहिले, ह्याचे उत्तर निसर्गात फारसे सापडत नाही. ते बव्हंशी अभ्यासकांच्या साधनांत आणि त्यांनी ठेवलेल्या नावांत सापडते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचन त्या मताच्या पुष्ट्यर्थ आहे.

मज्जातंतू पोकळ आहेत ही कल्पना फार जुनी. गेलेनच्या वैद्यकात मेंदूत सिद्ध झालेला सूक्ष्म प्राणवायू तंतूंमधून अवयवांकडे वाहतो असे मानले जाई. डेकार्तच्या मृत्यूनंतर १६६२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मानवविषयक ग्रंथात तर तंतू म्हणजे बारीक नळ्या, त्यांत सूक्ष्म दोरे, टोकाशी झडपा, अशी कारंज्याच्या यंत्रासारखी सारी व्यवस्था रेखाटली आहे. पुढे विद्युत्प्रवाहाचा शोध लागला, तंतूतून वाहणारा प्राणवायू कोणासही पकडून दाखविता आला नाही आणि पोकळ नळीची कल्पना निकालात निघाली. विसाव्या शतकात नळी परत आली. पण ती इतकी बारीक निघाली की डेकार्तला तिची ओळखही पटली नसती. शिवाय तिची पोकळी वाहतुकीच्या कामी येत नाही. माल नळीच्या बाहेरून जातो.

मेदाची कथा प्रथम पाहू. रुडॉल्फ फिर्खो ह्या जर्मन विकृतिशास्त्रज्ञाने १८५४ मध्ये एक निबंध लिहिला. मज्जातंतूंच्या 'मज्जे'सारखे एक द्रव्य प्राण्यांच्या अनेक ऊतींत विस्तृत प्रमाणात आढळते, हा त्या निबंधाचा विषय. ह्या द्रव्यास त्याने ग्रीक शब्दावरून 'मायलिन' असे नाव दिले. म्हणजे ज्या नावाने आज केवळ मज्जातंतूंभोवतीचे वेष्टन ओळखले जाते, ते नाव आरंभी ह्या द्रव्याचा आढळ मज्जातंतूंबाहेरही आहे हे सांगण्यासाठी घडविले गेले होते. नावाची दुसरी चूक अधिक खोल आहे. मज्जा आत असते. हाड बाहेर असते. मायलिन मात्र तंतूच्या बाहेर असते. रान्व्हिएने १८७१ मध्ये ह्या वेष्टनात ठराविक अंतरांवर पडणारी खंडस्थाने दाखविली, तरी हे वेष्टन तंतूचाच भाग आहे की परके, हा वाद चालूच राहिला. बेटी गेरेन ह्या संशोधिकेने १९५४ मध्ये, फिर्खोच्या निबंधानंतर बरोबर शंभर वर्षांनी, कोंबडीच्या गर्भातील तंतू इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवून दिले की श्वान पेशी आपले आवरण तंतूभोवती वळकटीसारखे गुंडाळत नेते आणि त्या वळकटीचे थर म्हणजेच मायलिन. 'मज्जा' म्हणून ओळखले गेलेले द्रव्य अशा रीतीने शेजाऱ्याने पांघरविलेली घोंगडी ठरले. नाव बदलले नाही, आणि बदलावयास नको होते असेच मला वाटते. जुने नाव पुसले की जुनी चूक कशी घडली हे कळण्याचा मार्गही पुसला जातो.

ह्या घोंगडीच्या शुष्क वजनाचे सत्तर ते ऐंशी टक्के मेदद्रव्य असते. मानवी मेंदूचे वजन शरीराच्या सुमारे दोन टक्के असले तरी शरीरातील कोलेस्टेरॉलचा जवळजवळ एक चतुर्थांश तेथे साठलेला असतो, आणि रक्तातील कोलेस्टेरॉल मेंदूत सहसा शिरू शकत नसल्याने तो साठा मेंदूस स्वतःच तयार करावा लागतो. मेंदूचे रसायन म्हणजे बहुतांशी मेदाचे रसायन, हे ज्याने प्रथम नेटाने मांडले तो लुडविग टूडिखुम (१८२९–१९०१) हा जन्माने जर्मन, व्यवसायाने लंडनमधील वैद्य. त्याच्या काळी मेंदूत 'प्रोटॅगॉन' नावाचे एकच महाद्रव्य आहे असे प्रतिष्ठित रसायनज्ञ मानीत. लीब्राइखने १८६५ मध्ये हे नाव दिले होते. टूडिखुमने अल्कोहोल आदी द्रावकांनी मेंदूतील द्रव्ये वेगळी काढली व प्रोटॅगॉन हे एक द्रव्य नसून मिश्रण आहे असे सांगितले. १८८४ मध्ये त्याचा मेंदूच्या रासायनिक घटनेवरील ग्रंथ निघाला. त्याचा उपहास झाला. त्याचे म्हणणे मान्य व्हावयास त्याच्या मृत्यूनंतरचा काळ उजाडावा लागला.

टूडिखुमच्या नावांकडे भाषाभ्यासकाने अवश्य पाहावे. त्याला एक द्रव्य असे मिळाले की त्याच्या घटनेचा उलगडा होईना. त्याने त्याला, कोडी घालणाऱ्या स्फिंक्सची आठवण ठेवून, 'स्फिंगोसिन' असे नाव दिले. फिर्खोने आपले ज्ञान नावात भरले, आणि ते ज्ञान अपुरे ठरले. टूडिखुमने आपले अज्ञान नावात भरले, आणि ते नाव कधीच खोटे ठरले नाही. ह्या द्रव्याची रचना १९४७ मध्ये अमेरिकेत हर्बर्ट कार्टरने निश्चित केली, तेव्हा त्यावर आधारलेल्या साऱ्या मेदकुळास 'स्फिंगोलिपिड' असे नाव मिळाले. (स्फिंक्स हे नाव 'आवळणे' ह्या अर्थाच्या क्रियापदाशी जोडण्याची ग्रीकांची एक लोकव्युत्पत्ती आहे. तंतूस आवळून बसलेल्या मायलिनमध्ये ह्या कुळातील द्रव्ये विपुल असावीत हा निव्वळ योगायोग. टूडिखुमच्या मनात तो असणे शक्य नाही.)

मेदाचा अभ्यास येथून रोगांकडे वळला. टे ह्या नेत्रवैद्याने १८८१ मध्ये आणि साक्स ह्या मज्जाविकारतज्ज्ञाने १८८७ मध्ये वर्णिलेल्या बालरोगात चेतापेशी मेदाने फुगलेल्या आढळतात. क्लेंकने १९४२ मध्ये त्या मेदवर्गास 'गँग्लिओसाइड' ही संज्ञा दिली. ह्या व ह्यासारख्या रोगांत एखादे विकर नसते, म्हणून मेद साचतो, अशी उपपत्ती पुढे प्रस्थापित झाली. ती योग्यच होती. परंतु तीमुळे मेद हा केवळ घडण्याचा, मोडण्याचा व साचण्याचा विषय होऊन बसला. मेद पेशीत एका जागेहून दुसऱ्या जागी जातो कसा, हा प्रश्न रसायनशाळेच्या उंबरठ्याबाहेरच राहिला, कारण तेथे पेशी प्रथमच कुटून टाकलेली असे.

आता नळीकडे येऊ. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रजतक्षारांनी रंगविलेल्या चेतापेशींत बारीक तंतूंचे जाळे दिसू लागले. अपाथी, बेथे आदींनी हे तंतूच संवेदना वाहून नेतात असे मानले. काहालने ते मत स्वीकारले नाही. वाल्डेयरने १८९१ मध्ये चेतापेशीस 'न्यूरॉन' म्हटले, म्हणजे प्रत्यंचेचा तो शब्द आणखी एक पायरी पुढे सरकला. पण पेशीच्या आतील तंतू खरे की रंगकामाचा दोष, हे साध्या सूक्ष्मदर्शकास सांगता येईना. १९४८ मध्ये दे रोबेर्तिस व श्मिट ह्यांनी इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने मज्जातंतूत नलिका असल्याचे प्रसिद्ध केले व त्यांस 'न्यूरोट्यूब्यूल' असे नाव दिले. तथापि ह्या नलिका सर्वांना सर्वकाळ दिसत नसत. कोणाला दिसत, कोणाला तुटक मणी दिसत, कोणाला काहीच दिसत नसे; आणि जी वस्तू कधी दिसते, कधी दिसत नाही, तिजवर विद्वानांचा विश्वास बसत नाही.

ह्या लपंडावाचे कारण पेशी 'स्थिर' करण्याच्या रीतीत होते. सूक्ष्मदर्शकाखाली नेण्यापूर्वी पेशी जशी आहे तशी थिजवावी लागते. त्या काळी हे काम ऑस्मियम टेट्रॉक्साइडने, आणि पुष्कळदा बर्फाच्या थंडीत, केले जाई. ऑस्मियम मेदाशी संयोग पावते व त्यास काळा रंग देते. म्हणून आवरणे, वेष्टने, मेदाचे थेंब त्यात उत्तम टिकत व दिसत. गेरेनला मायलिनची वळकटी दिसली ती ह्याच द्रव्याच्या कृपेने. प्रथिनांच्या नलिका मात्र ऑस्मियममध्ये नीट टिकत नसत, आणि थंडीत त्या आपोआपच विरघळतात. थोडक्यात, जो उपाय मेद दाखवीत होता तोच नळी नाहीशी करीत होता. १९६३ मध्ये साबातिनी, बेन्श व बार्नेट ह्यांनी ग्लुटाराल्डिहाइडचा उपयोग सुचविला. हे द्रव्य प्रथिने एकमेकांस सांधते, नळ्या टिकतात. मेद मात्र त्याने पकडला जात नाही, तेव्हा मागाहून पुन्हा ऑस्मियम द्यावे लागते. आजही दोन द्रव्ये, दोन पायऱ्या ही रीत चालते. नळी आणि मेद एकाच चित्रात यावयाचे तर दोन वेगळे हात लागतात, ह्याहून ह्या इतिहासाचे नेमके वर्णन मला सुचत नाही.

त्याच वर्षी, १९६३ मध्ये, लेडबेटर व पोर्टर ह्यांनी वनस्पतिपेशींत 'मायक्रोट्यूब्यूल' आढळल्याचे प्रसिद्ध केले, आणि स्लॉटरबॅकने हायड्रा ह्या जलचरात त्या दाखविल्या. चेतापेशीच्या नळीस तिचे सर्वमान्य नाव मिळाले ते अशा रीतीने गवताच्या मुळांच्या टोकाशी. तोवर निरनिराळ्या ऊतींचे अभ्यासक हिला निरनिराळ्या नावांनी ओळखत होते : विभाजनाच्या वेळचे तर्कूचे धागे, शुक्राणूच्या शेपटीतील तंतू, मज्जातंतूतील न्यूरोट्यूब्यूल. भाषाशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे स्वनिम आणि त्याची उपस्वने आठवतील. परिसर बदलला की रूप थोडे बदलते, आणि ऐकणारा एकेका परिसरातच बसून राहिला तर ती सारी एकाच घटकाची रूपे आहेत हे त्यास उमगत नाही. हिचा बाह्य व्यास सुमारे २५ नॅनोमीटर; पुढच्याच वर्षी लेडबेटर व पोर्टर ह्यांना तिच्या भिंतीत तेरा उपघटक मोजता आले.

ही नळी कोणत्या प्रथिनाची आहे, हे कळले एका विषामुळे. संधिवाताच्या एका प्रकारावर फार पूर्वीपासून वापरले जाणारे कोल्चिसिन हे द्रव्य पेशींचे विभाजन रोखते. पश्चिमेकडे ते कोल्चिकम ह्या फुलझाडापासून मिळते. आपल्याकडे पावसाळ्यात कुंपणांवर लाल-पिवळ्या ज्वालांसारखी फुले धरणाऱ्या कळलावीतही हेच विष असते. प्रसूतीच्या कळा आणणारी ती कळलावी. बोरिसी व टेलर ह्यांनी १९६७ मध्ये शिकागोत किरणोत्सर्गी कोल्चिसिन घेऊन ते कोणत्या प्रथिनास चिकटते हे पाहिले. ज्या ऊतींत विभाजन जोरात चालते तेथे ते प्रथिन विपुल असावे, असा कोणीही तर्क केला असता. प्रत्यक्षात ते सर्वांत अधिक आढळले मेंदूत, म्हणजे जेथे पेशींचे विभाजन जवळजवळ थांबलेले असते तेथे. तेव्हा नळीचे काम पेशी दुभंगण्यापुरते नाही, हे स्पष्ट झाले. १९६८ मध्ये जपानी शास्त्रज्ञ मोहरी ह्यांनी ह्या प्रथिनास 'ट्यूब्यूलिन' हे नाव दिले आणि १९७२ मध्ये वायझेनबर्गने, कॅल्शियम काढून टाकल्यास काचपात्रातही ह्या प्रथिनाच्या नळ्या आपोआप जुळतात, हे दाखविले.

चेतापेशीस एवढ्या नळ्या कशासाठी? पॉल वाइस व हिस्को ह्यांनी १९४८ मध्ये मज्जातंतू बारीक कड्याने आवळून पाहिला होता. पाट अडविला की पाणी वरच्या बाजूस तुंबते, तसा तंतू पेशीच्या बाजूस फुगला. म्हणजे पेशीकडून टोकाकडे सतत काहीतरी वाहत होते. हा प्रवाह दिवसाला सुमारे एक मिलिमीटर. माणसाच्या कण्यातून पायाकडे जाणारा अक्षतंतू जवळपास एक मीटर लांब असतो. ह्या वेगाने टोक गाठावयास पावणेतीन वर्षे लागतील. पुढे दिवसाला सुमारे ४०० मिलिमीटर वेगाने जाणारा शीघ्र प्रवाहही आढळला, म्हणजे तोच प्रवास अडीच दिवसांचा. क्रॉइट्सबर्गने १९६९ मध्ये कोल्चिसिनने ही वाहतूक थांबते असे दाखविले, आणि नळी व वाहतूक ह्यांची गाठ पडली. १९८५ मध्ये व्हेल, रीस व शीट्झ ह्यांनी स्क्विड ह्या सागरी प्राण्याच्या महाकाय अक्षतंतूपासून माल वाहणारे प्रथिन वेगळे केले व त्यास, ग्रीक 'हालविणे' ह्या क्रियापदावरून, 'कायनेसिन' म्हटले. उलट दिशेने परतणाऱ्या 'डायनिन'चे नाव त्याआधीच, १९६५ मध्ये, शेपटीसारख्या अवयवांच्या अभ्यासातून आले होते. कायनेसिनचे पाऊल आठ नॅनोमीटरचे. एक मीटरच्या वाटेवर साडेबारा कोटी पावले होतात. ती एकाच हमालाकडून होत नाहीत, माल टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होतो.

वाट कळली, हमाल कळले. मालाकडे मात्र नलिकांच्या अभ्यासकांनी दीर्घकाळ नुसते 'माल' म्हणूनच पाहिले. हा माल बहुधा मेदाच्या आवरणात बांधलेला असतो, आणि गाठोड्याचे कापड हमालाच्या चालीवर परिणाम करीत असेल, ही शंका उशिरा आली. २००२ मध्ये चेतापेशींत काम करणारे एक कायनेसिन आवरणातील विशिष्ट मेदद्रव्यास पकडूनच जोमाने चालू लागते, असे दिसून आले. २०१६ मध्ये मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रूप मल्लिक व त्यांचे सहकारी ह्यांनी दाखविले की भक्षकपेशीने गिळलेल्या कणाभोवतीच्या आवरणात कोलेस्टेरॉलने समृद्ध अशी बेटे तयार होतात, डायनिन त्या बेटांवर एकत्र जमते, आणि जमल्यामुळेच अनेकांचे बळ एका दिशेस लागते. रथास दोर एकाच ठिकाणी बांधले म्हणजे जे होते तेच हे. त्याच गटाने २०१७ मध्ये यकृतातील मेदबिंदूंवर कायनेसिन किती बसते ह्यावर रक्तात सोडल्या जाणाऱ्या मेदाचे प्रमाण अवलंबून असते, असे प्रतिपादिले. हे प्रयोग चेतापेशींवरील नाहीत, हे ध्यानात ठेवले पाहिजे. परंतु नळी आणि मेद ह्यांस एकत्र विचारण्याचा प्रघात पडला तो अशाच कामांमुळे.

चेतापेशीच्या बाबतीत ही गाठ एका रोगाने घातली. १८८० मध्ये श्ट्र्युम्पेल ह्या जर्मन वैद्याने दोघा भावांत आढळलेला, पाय हळूहळू ताठरत नेणारा आनुवंशिक विकार वर्णिला. ह्यात मेंदूकडून कण्यात उतरणारे लांबच लांब अक्षतंतू टोकाकडून झिजत येतात; हाताकडे जाणारे आखूड तंतू पुष्कळदा वाचतात. लांबी हाच जणू गुन्हा. ह्या रोगाच्या सर्वांत अधिक आढळणाऱ्या प्रकाराचे जनुक १९९९ मध्ये फ्रान्समधील हाझाँ व सहकारी ह्यांनी शोधले व त्याच्या प्रथिनास रोगाच्या ताठरपणावरून 'स्पास्टिन' हे नाव दिले. रोगावरून प्रथिनास नाव देणे म्हणजे कुलपावरून किल्लीस नाव देण्यासारखे आहे. तिने आणखी काय उघडते ते त्या नावातून कळत नाही. स्पास्टिनची रचना 'कटॅनिन' ह्या प्रथिनाशी जुळत होती. जपानी तलवारीचे, कटानाचे, नाव धारण करणारे हे प्रथिन १९९३ मध्ये सापडले होते आणि सूक्ष्मनलिका कापणे हे त्याचे काम. २००५ पर्यंत स्पास्टिनही नलिका कापते हे सिद्ध झाले. रोगाचा उलगडा झाला, असे तेव्हा वाटले असल्यास नवल नाही : कात्री बिघडली, नळ्यांची व्यवस्था बिघडली, लांब वाटेवरची वाहतूक प्रथम खोळंबली.

परंतु स्पास्टिन दोन रूपांत तयार होते. जनुकाच्या संदेशाचे वाचन दोन ठिकाणांहून सुरू होऊ शकते. एक रूप पूर्ण, दुसरे पहिली ८६ अमिनो आम्ले वगळून. कापणारा भाग दोहोंत तोच. संस्कृत व्याकरण शिकलेल्यास हा प्रकार परका वाटू नये. धातू एकच, पण उपसर्ग लागला की प्रहार, आहार, विहार असे अर्थ दूर दूर जातात. त्या ८६ घटकांच्या उपसर्गात मेदात रुतून बसणारा एक आकडा आहे. त्यामुळे पूर्ण रूप पेशीतील आवरणांच्या जाळ्यावर आणि तेथून मेदबिंदूंवर जाऊन बसते. २०१५ मध्ये हे प्रसिद्ध झाले. फळमाशीत स्पास्टिन कमीअधिक केले की मेदबिंदूंची संख्या व आकार बदलतो, असेही त्यात दिसले. २०१९ मध्ये आणखी एक गोष्ट पुढे आली : हे रूप मेदबिंदूस पेरॉक्सिसोम नावाच्या कोशिकांगाशी सांधते आणि मेदाम्ले एकीकडून दुसरीकडे जाण्यास साहाय्य करते. नळी कापणारे प्रथिन मेदाची ने-आणही करीत होते.

एकदा दृष्टी वळल्यावर जुन्या नोंदींचा अर्थ बदलला. ह्याच रोगाच्या इतर प्रकारांतील जनुके पाहता त्यांतली कितीतरी मेदाच्या चयापचयाची निघाली. त्यांपैकी सीपिनचे उदाहरण बोलके आहे. शरीरातील चरबीचा साठाच तयार होत नाही अशा एका विकाराचे जनुक म्हणून चरबीच्या अभ्यासकांना ते २००१ मध्ये सापडले व तो विकार वर्णिणाऱ्या सायप ह्या नॉर्वेजियन वैद्याचे नाव त्यास मिळाले. २००४ मध्ये मज्जाविकारांच्या अभ्यासकांना तेच जनुक ताठरत्या पायांच्या रोगात सापडले. दुसरे एक विकर मेंदूतील मेदबिंदू फोडण्याचे प्रमुख काम करते असे २०१४ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून कळले. ते नसले की मेंदूत मेदबिंदू साचतात. चेतापेशींत मेदबिंदू क्वचितच दिसतात, म्हणून तेथे मेदाची उलाढाल नाही असे पूर्वी समजत. वास्तविक उलाढाल इतकी जलद होती की साठा दिसतच नव्हता. मायलिनचे वेष्टन विणणाऱ्या मेंदूतील पेशींतही सूक्ष्मनलिका उभारणारे एक प्रथिन नसेल तर वेष्टन नीट होत नाही, हे २०१९ मध्ये दाखविले गेले. गेरेनने पाहिलेल्या वळकटीस, म्हणजे, गुंडाळण्यासाठी आतून नळ्यांचा आधार हवाच होता.

राहिला प्रश्न तो हा की स्पास्टिनच्या रोगात तंतू मरतो तो कात्री बिघडल्यामुळे की मेदाची देवघेव बिघडल्यामुळे. प्रश्न केवळ तात्त्विक नाही. नलिकांचा दोष मानून २००५ मध्ये फळमाशीस नलिकांवर कार्य करणारे व्हिनब्लास्टिन हे औषध दिले गेले आणि तिची लक्षणे सौम्य झाली. मेदाचा दोष असेल तर उपाय दुसरीकडे शोधावा लागेल. आखूड रूप बहुतेक ऊतींत विपुल असते, उपसर्गयुक्त रूप विरळ. उंदरांच्या जातीतील प्राण्यांची तपासणी करून २००८ मध्ये जे प्रसिद्ध झाले त्यानुसार, पूर्ण वाढ झालेल्या प्राण्याच्या शरीरात हे विरळ रूप स्पष्टपणे आढळले ते कण्यातील रज्जूत. ज्यास ग्रीक लोक म्युएलॉस म्हणत, आणि आपण मज्जारज्जू म्हणतो, तेथे.